निळ्या पिंपाचा आगेरा

दर ऑक्टोबरात आमच्या बिल्डिंगमध्ये मला एकदा तरी आगेरा म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. भाईंदर पूर्वेला चौथ्या मजल्यावर राहतो आम्ही. मजल्यावर सहा बिऱ्हाडं आणि निदान पाच भाषा. "क्रिसमस जैसा कुछ?" असं समोरची गुजराती भाभी विचारते. मी सांगते, नाही, भाताचा सण आहे. नवं भात कापायचं, पहिली पेंढी वाजतगाजत चर्चमध्ये न्यायची, फादरांनी आशीर्वाद द्यायचा आणि मग घरटी एकेक लोंबी. त्यावर ती म्हणते, "भाईंदर में चावल होता है?" हा प्रश्न माझ्या वडिलांच्या कानावर पडला तर काय होईल, याची मला कायम धास्ती होती. यंदा ते आमच्याकडेच होते, आणि तो पडला. भाभी बिचारी दूध घेऊन दारात उभी होती, तिला त्यांनी पाऊण तास हलू दिलं नाही.

आमचं गाव पश्चिमेला, उत्तनच्या रस्त्यावर, खाडीच्या अंगाला. एके काळी अर्धं गाव मासळीवर आणि अर्धं भातावर जगायचं. मासळी अजून आहे. भाताचं म्हणाल तर कुणाच्या शेतात लग्नाचा हॉल उभा आहे, कुणाच्या शेतात टॉवर, आणि उरलेल्या शेतांत गवत आणि बगळे. गेली सहा-सात वर्षं भात लावणारा माणूस गावात एकच, माझे पपा. बत्तीस वर्षं त्यांनी कारखान्यात पाळ्या केल्या, पण काय करता म्हणून विचारलं तर "शेतकरी" सांगतात. शेत म्हणजे दोन तुकडे. वरच्या तुकड्यात हळवं भात, ते लवकर पिकतं. खालच्या खोलगट तुकड्यात गरवं, ते दिवाळीनंतर. आगेरा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, म्हणून पेंढी हळव्याचीच. गरवं खायला, हळवं देवाला, अशी त्यांची वाटणी.

चर्चमध्ये आमचं शेतीचं वर्ष मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं. मूठभर बियाणं रुमालात बांधून न्यायचं, फादर त्यावर पवित्र पाणी शिंपडतात. पूर्वी म्हणे सुपं भरून यायची. आता लोक मिरचीची रोपं आणतात, मनी प्लांट आणतात, आणि एक बाई गेल्या वर्षी टोमॅटोच्या बियांचं बंद पाकीट घेऊन आली होती, किमतीच्या स्टिकरसकट. पपा तिच्याकडे असे बघत होते की फादरांनी आधी त्यांच्यावरच पाणी शिंपडलं.

यंदा त्या रविवारच्या पंधरा दिवस आधी पपा हॉस्पिटलात होते. गुडघ्याचं ऑपरेशन. डॉक्टरांनी सहा महिने चिखल बंद सांगितला, आणि गावच्या घराला चार पायऱ्या चढायच्या म्हणून मी त्यांना आमच्याकडे लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये आणलं. आल्या आल्या त्यांनी माझ्या बाल्कनीतल्या कुंड्या बघितल्या आणि "हे काय, आजारी मंडळी ठेवलीस काय?" असं विचारलं.

मी म्हटलं, पपा, एक वर्ष शेत पडीक राहू दे. झालं! जेवण थांबलं. मुद्दा असा होता की आगेऱ्याच्या कमिटीने गेल्या वर्षीच विषय काढला होता, पेंढ्या वसईकडून आणू या, जास्त येतील, दिसतीलही छान. पपांनी तेव्हा मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं होतं की वेदीवरची पेंढी गावच्याच मातीची असेल, आणि ती मी देईन. "एकदा बाहेरून आली ना बाय," ते मला म्हणाले, "की मग कायमची बाहेरून येनार. मग आगेरा कशाला, मार्केटला जाऊन तांदूळ आना." बोलताना त्यांचा आवाज बसला. मला ते बघवेना. मी शाळेच्या ऑफिसात काम करणारी बाई, भात मी ताटातलं ओळखते. तरी म्हटलं, बरं, मी लावते. फक्त वरचा तुकडा, आगेऱ्यापुरता.

मग सुरू झाला फोनवरचा कारभार. पपांना व्हॉइस मेसेजचं तंत्र नुकतंच सापडलं होतं. मी गावच्या वाटेवर रिक्षात असतानाच मेसेज येऊन पडे. आमच्या ह्यांनी सांगितलं की मेसेज पाठवून झाला की पपा तो स्वतः दोन-तीनदा ऐकतात, आणि स्वतःच्याच बोलण्याला मान डोलावतात. बरोबर बोललो, असं.

बियाणं गावच्या घरात मागच्या खोलीत दोन पिंपांत असतं, एक निळं, एक पांढरं. पपांचा मेसेज आला: "बाय, ऐक. आगेऱ्याचं बियानं निळ्या पिंपात हाय. निळ्या. पांढऱ्याला हात लावू नको." संध्याकाळी परत फोन करून तेच. मी निळं पिंप उघडलं, मूठभर रुमालात बांधून चर्चमध्ये नेलं, फादरांनी पाणी शिंपडलं, आणि बाकीचं भिजत घातलं. इथवर मी स्वतःवर भलतीच खूष होते.

आवणीला, म्हणजे रोपं चिखलात लावायला, गावच्या घराशेजारच्या काकी आल्या. त्या सत्तरीच्या, मासळीचा धंदा सांभाळून आयुष्यभर लोकांची भातं लावलेल्या. त्या वाकल्या की वाकल्या. बांधापर्यंत वर बघत नाहीत. मी दर चार रोपांनी कंबर धरून उभी. "तुझा बापूस दोन दिवसांत उरकायचा," काकी म्हणाल्या. मी म्हटलं, मग मी चार दिवसांत उरकते. सहा लागले. रजा संपल्या. पण रोप धरलं, वाढलं, आणि ऑगस्टात इतकं हिरवंगार झालं की मी ऑफिसात सगळ्यांना फोटो दाखवत सुटले. शिपाई म्हणाला, "मॅडम, लॉन चांगलं आहे."

पपांना दर रविवारी फोटो लागायचे. दोन बोटांनी मोठा करून बघता बघता त्यांचं नाक स्क्रीनला टेकायचं. "फोटोत सगळंच हिरवं दिसतं," असं कुरकुरून ते फोन बाजूला ठेवायचे आणि पाच मिनिटांनी परत घ्यायचे.

सप्टेंबरच्या मध्याला काकी सहज शेतावर डोकावल्या. मी तिथेच होते, बगळे हाकलत. काकींनी भाताचं एक ताट उपटलं, सोललं, आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"अगो, हे गरवं हाय!"

मी म्हटलं, कसं असेल, आशीर्वाद दिलेलं आहे.

"आशीर्वाद दिला म्हनून गरव्याचं हळवं होतंय काय? हळव्याच्या लोंब्या एव्हाना बाहेर पडतात. ह्याला अजून पोटरी पन न्हाय, लोंबी पोटात पन धरली न्हाय. हे पिकेल दिवाळी झाल्यावर."

मी तशीच गावच्या घरी गेले, मागच्या खोलीत दोन्ही पिंपं ओढून उजेडात आणली. पांढऱ्या पिंपाच्या झाकणावर गोणपाट टाकलेलं होतं. ते काढलं. खाली पपांच्या अक्षरात, खिळ्याने कोरलेलं: क्रुसाची खूण, आणि शेजारी "आगेरा". चांगलं खोल कोरलेलं, आयुष्यभर पुसलं जाणार नाही असं.

मी पिंपापाशी बसून राहिले. मेसेज काढून परत ऐकला. निळ्या. निळ्या. पांढऱ्याला हात लावू नको. आवाज ठणठणीत, शंकेला जागाच नाही. माझ्या वडिलांना गावातली प्रत्येक विहीर, प्रत्येक बांध, कोणाच्या लग्नात कोणी मटण कमी पाडलं ते सगळं पाठ. आणि स्वतःच्या हाताने कोरलेलं पिंप ते विसरले होते. मला त्यांचा राग येईना. भीतीच वाटली. रडूही आलं, आणि रडताना शिंका, कारण पिंपाच्या मागे धूळ होती.

आठवडाभर मी मूग गिळून बसले. पपा फोटो मागत, मी बगळ्यांचे फोटो पाठवी. "बगळा काय लावलास काय तू शेतात?" असा मेसेज आला. शेवटी एका रात्री जेवताना मी ठरवून टाकलं. खरं सांगायचं, पण अर्धं.

"पपा, माझ्या हातून घोळ झाला. तुम्ही पांढरं म्हणाला होतात, मी निळं उघडलं. गरवं लागलंय."

त्यांचा घास हातातच राहिला. मला वाटलं, आता आठवेल. आता म्हणतील, थांब, मी काय म्हटलं होतं? पण त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. अगदी लहान मूल पेढा बघून उजळतं तसा.

"शिकलेली लोकं!" ते गरजले. "पिंप कळत न्हाय! दोन पिंपं, दोन रंग, आनि कळत न्हाय!"

मग काय विचारता! दुसऱ्या दिवसापासून माझी धिंड निघाली. त्यांनी भाभीला सांगितलं. वॉचमनला हिंदीत सांगितलं, "हमारी लडकी ऑफिस में काम करती है, मगर नीला-सफेद नहीं समझती." काकींना फोन केला. फादरांना फोन केला, आणि वर त्यांनाही सुनावलं, "फादर, तुम्ही पन न तपासताच पानी शिंपडलंत." व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीलाही ऐकवलं, तेही गुडघा वाकवता वाकवता, न कण्हता. काकींनी मात्र मला गाठून विचारलं, "खरंच तू चुकलीस?" मी होय म्हटलं. त्या नुसत्या हं म्हणाल्या.

आता पेंढीचं काय? कमिटीचा अध्यक्ष घरी आला, चहा प्यायला, म्हणाला अंकल, काळजी नको, वसईला सांगून ठेवलंय. पपा म्हणाले, वाटायच्या लोंब्या खुशाल आणा. वेदीवरची माझी.

"पण अंकल, ती हिरवी आहे."

"देवाने हिरवं भात बघितलं न्हाय काय कधी?"

अध्यक्षाने माझ्याकडे बघितलं. मी बिस्किटांकडे बघितलं.

आगेऱ्याच्या दिवशी पहाटेच पपांना रिक्षाने शेतावर नेलं. चिखलात उतरू दिलं नाही. बांधावर प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि तिथून ते हुकूम सोडत बसले. इथून काप. तिथून नको. मुठीत धर, केरसुणी न्हाय ती. मी विळ्याने हिरवी ताटं कापली, काकींनी पेंढी बांधली, लाल रिबीन लावली. क्रुसापासून मिरवणूक निघाली, बँड पुढे, लुगडी नेसलेल्या बायका, वसईच्या सोनेरी पेंढ्या हातोहात, आणि मध्ये आमची एक हिरवी. रस्त्याच्या कडेला उभे असलेले लोक मोबाइलवर शूटिंग करत होते. एक पोरगी तिच्या आईला म्हणाली, "मम्मी, यांनी गवत का आणलंय?" मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पपांनी ऐकलं आणि तिच्यासाठी थांबले. सगळी मिरवणूक थांबली. बँड एक ओळ जास्तीची वाजवत राहिला, आणि पपांनी त्या पोरीला पोटरी म्हणजे काय ते समजावलं.

चर्चच्या दारात फादर उभे होते. ते तरुण, शहरात वाढलेले, मनाने फार चांगले, पण भाताशी ओळख माझ्याइतकीच. हळूच म्हणाले, "अंकल, यात दाणा दिसत नाही."

"हाय. आत हाय." पपांनी फादरांचा हात धरला आणि त्यांचा अंगठा ताटाच्या फुगीर भागावर दाबला. "लागला?"

फादरांचे डोळे मोठे झाले. "लागला."

तेवढ्यावर फादरांनी तयार केलेलं प्रवचन बाजूला ठेवलं आणि न दिसणाऱ्या दाण्यावर नवीन दिलं. फार सुंदर बोलले. फार वेळही बोलले. सभागृहात मैद्याचे गोल फुगे तळून ठेवले होते ते गार झाले, आणि बायका मागच्या बाकांवरून फादरांकडे अशा बघायला लागल्या की शेवटची दोन मिनिटं त्यांनी फारच भरभर घेतली.

काठी टेकत पपा वेदीपर्यंत गेले. एका हातात काठी, एका हातात पेंढी. मला धरू दिलं नाही. पेंढी ठेवून ते लगेच वळले नाहीत, तिथेच उभे राहिले, ओठ हलत होते. मी मागे उभी. माझा ऊर इतका भरून आला की सहा दिवसांच्या आवणीचं कंबरदुखणं मी तिथल्या तिथे माफ केलं.

दुपारी घरी खीर झाली. आमच्यात नव्या लोंबीचे दाणे नखाने सोलून खिरीत टाकतात, आणि घरातलं सगळ्यात मोठं माणूस सगळ्यांना वाढतं. दाणे अर्थात वसईचे होते. पपांनी सगळ्यांना वाढली, स्वतः घेतली नाही. "मी आपल्याचीच खानार," म्हणाले. "थांबतो."

ते खरंच थांबले. नोव्हेंबरच्या मध्याला गरवं पिकलं, खाली झुकलं, आणि आम्ही कापायला गेलो. पपांचा गुडघा तोवर बरा झाला होता, पण खुर्चीची सवय लागली होती. मी आणि काकींनी कापलं, झोडपलं, वाळवलं. संध्याकाळी काकी मासळीच्या कामाला गेल्या. मी पुढच्या वर्षीचं बी निळ्या पिंपात भरायला मागच्या खोलीत गेले. पपा मागोमाग आले, दाराला टेकून उभे राहिले.

"रंगाचा डबा हाय बघ त्या फळीवर. पिंपांवर लिही. मोठ्या अक्षरात. ह्याच्यावर गरवं, त्याच्यावर हळवं, आगेरा."

"कशाला, पपा? पांढऱ्यावर तुम्ही कोरलंय की."

"ते झाकनावर. झाकनं अदलाबदल होतात."

मी ब्रश शोधला, लिहायला बसले. लिहिता लिहिता मी चिडवलं, "सगळ्या भाईंदरला सांगून झालं, आता पिंपांवर पण लिहा, माझी मुलगी चुकली म्हणून."

"तो मेसेज मी ऐकला," ते म्हणाले.

ब्रश माझ्या हातात तसाच. "कुठला मेसेज?"

"निळ्या, निळ्या म्हनून एक म्हातारा वरडतोय, तो. तू जेवताना सांगितलंस ना, त्याच रात्री ऐकला. मला वाटलं, बघू तरी मी किती चांगलं समजावलं होतं हिला." त्यांनी तीन बोटं दाखवली. "तीनदा ऐकला."

मला हसावं की रडावं कळेना. "मग सगळ्या गावाला माझी चूक म्हणून का सांगत सुटलात?"

"तू म्हनालीस ना तुझी. म्हटलं, पोरीला हौस हाय."

"पपा!"

मग ते पिंपाच्या कडेवर हात ठेवून खाली बघत म्हणाले, "भ्यालो गं. लोकांना कळलं असतं ना, मी इसरतो, तर पुढच्या वर्षी कुनी मला विचारलं नसतं. म्हनून तुझ्या माथी मारलं. मोठ्याने मारलं, म्हंजे कुनाला शंका नको."

मी म्हटलं, "मी विचारेन. दर वर्षी विचारेन."

"तेच नको करू," ते म्हणाले. "तू विचारशील, मी निळ्या सांगेन, आनि तू ऐकशील. तसलीच हायेस तू."

त्यांनी खिशातून फोन काढला. मी समोर दोन हातांवर बसलेली, तरी बटण दाबलं, फोन तोंडाशी धरला आणि प्रत्येक शब्द सुटा करून बोलले, "बाय, ऐक. आगेऱ्याचं बियानं पांढऱ्या पिंपात हाय. पांढऱ्या. ते यंदा लावलं न्हाय, बी जुनं झालेलं असेल, दाट पेर. पुढच्या वर्षी मी येगळं काय बोललो, तर मला हा ऐकव."

माझ्या पर्समध्ये फोन वाजला. पपांनी स्वतःचा मेसेज लावला, मान डोलावत एकदा ऐकला, दोनदा ऐकला. तिसऱ्यांदा मीच म्हटलं, लावा.